२५.५ हा गिनी कोणाच्या ताटातला?

देवगडी_बागवाला: जुलै २०२५ मध्ये सरकारी पत्रक आलं की समानतेत भारत जगात चौथा. आधार जागतिक बँकेच्या, विषमता मोजणाऱ्या गिनी निर्देशांकाचा, २०२२-२३ साठी २५.५. शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, शंभर म्हणजे सगळं एकाच्याच खिशात. अमेरिका ४१.८ वर.

पण आपला आकडा घरोघरच्या पाहणीतल्या खर्चाचा आहे, अमेरिकेचा उत्पन्नाचा! समजा, बंदरावरचा खलाशी महिना १५ हजार कमावतो आणि तेवढेच संपवतो. ट्रॉलरमालक ३ लाख कमावतो, घरखर्च ६० हजार. कमाईत वीसपट अंतर, खर्चात चौपट. मालकाचे उरलेले २ लाख ४० हजार या मोजणीत दिसतच नाहीत. मग एका रांगेत उभं करून नंबर कसले देता?

श्रीवर्धनची_सुपारी: साफ अमान्य. जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची वाडी आडवी झाली. त्या वर्षी बागेचं उत्पन्न जवळजवळ शून्य. तुमच्या हिशेबाने आम्ही गावात सगळ्यात गरीब, आणि पडलेली झाडं तोडायला रोजावर आलेला गडी आमच्याहून श्रीमंत. प्रत्यक्षात ठेव मोडून आमची चूल पेटत होती. बागायतीत आणि मासेमारीत एका वर्षाच्या कमाईवरून कुवत ठरत नाही, खर्चावरून कळते. शिवाय कमाई खरी सांगतो कोण? पेट्या किती गेल्या हे लोक सख्ख्या भावाला सांगत नाहीत.

देवगडी_बागवाला: वादळाचं मान्य. पण ती ठेव आली कुठून? आधीच्या वर्षांत कमावलं आणि खर्चलं नाही, त्यातूनच ना? गड्याकडे मोडायला काय होतं?

तांडेल_मालवण: अरे बाबानू, आमच्याकडे मोजणी सोपी. आधी डिझेल-बर्फाचो खर्च वजा, मगे बोटीचो वाटो, जाळ्याचो वाटो, उरला ता खलाशांका. कोणाक किती गावता ता आख्ख्या बंदराक म्हायत. ह्या गिनीक कोणी समुद्रार न्हेला हा काय?

आकडेमोड_चिपळूण: तांडेल, तुमच्यासारखा उघडा हिशेब देशाचा नसतो. मोठ्या बंगल्यात पाहणीवाल्याला गेटवरूनच परत पाठवतात. म्हणून वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या विषमतेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे लोक पाहणीला आयकराची आकडेवारी जोडतात. त्यांचा भारताचा उत्पन्नाचा गिनी २००४ मध्ये ५२ होता, २०२३ मध्ये ६२. २०२२-२३ साठी वरच्या १ टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न. गंमत म्हणजे जागतिक बँकेच्या ज्या टिपणात २५.५ आहे, त्यातच हा ६२ पण आहे. पत्रकाने एकच उचलला. अर्थात ६२ सुद्धा डोळे मिटून घेऊ नका. आयकर भरणारे मूठभर, मधल्या माणसांचा बराचसा अंदाजच.

माहेर_गुहागर: तुम्ही सगळे 'घर' कशाला म्हणता ते आधी ठरवा. आमच्या आळीत अर्धी घरं कुलूपबंद. एका चौसोपी घरात म्हातारी एकटी, पेज आणि सुकटावर दिवस काढते. लेक मुंबईत चांगल्या पगारावर. पाहणीत ती एक गरीब कुटुंब, तो मुंबईतलं दुसरं. त्याने पैसे पाठवले की ती थोडी वर येते, नाही पाठवले की खाली. खर्च धरा की उत्पन्न, ही दोघं एकत्र येतच नाहीत.

श्रीवर्धनची_सुपारी: मग पाहणीवाल्याला गणपतीत पाठवा. सगळे एका छताखाली सापडतील.

देवगडी_बागवाला: आणि गणपतीतला खर्च मोजलात तर माझा गडीही मालकाच्या बरोबरीचा निघेल. उचल घेऊन.