कंपाउंड धनुष्याच्या कॅमचे टायमिंग घरी जुळवता येईल का?

रामदासपेठ_पालक यांचा प्रश्न:

नमस्कार. माझी मुलगी तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात (टोकांना फिरती चाके असलेल्या धनुष्याने) ५० मीटरवर सराव करते. तिचे धनुष्य ट्विन कॅमचे, म्हणजे वर आणि खाली एकेक विकेंद्री चाक (कॅम) असलेले असून ते आम्ही दुसऱ्या खेळाडूकडून वापरलेले घेतले आहे. उन्हाळ्यानंतर तिची एक तक्रार सुरू झाली आहे. पूर्ण खेचल्यावर जी घट्ट ‘वॉल’ (दोर आणखी खेचला न जाण्याची जागा) लागायला हवी, ती एकदम न लागता दोन टप्प्यांत लागते. तिने खेचलेले असताना मी बाजूने पाहिले, तेव्हा वरच्या कॅमचा ड्रॉ स्टॉप (खेच थांबवणारी खुंटी) केबलला आधी टेकतो आणि खालच्या कॅमचा किंचित उशिरा टेकतो, म्हणजे दोघांचे टायमिंग जुळत नाही, असे दिसले. वजनकाट्यावर खेचून पाहिले असता कमाल वजन पूर्वीच्या ४५ पौंडांवरून जवळजवळ ४३ वर आलेले आहे. ताणलेल्या कागदातून बाण सोडण्याच्या चाचणीत नॉकची (बाणाच्या मागच्या खाचेची) फाट कधी वर, तर कधी वर आणि डावीकडे जाते.

नागपुरात या कामासाठी विसंबावे असा तंत्रज्ञ मला मिळालेला नाही आणि प्रत्येक वेळी धनुष्य कुरिअरने बाहेरगावी पाठवणे परवडत नाही. म्हणून इतवारीतून हाताने फिरवायची विंच आणून फळीवर ड्रॉ बोर्ड (धनुष्य हळूहळू खेचून धरण्याचे साधन) बनवावा असा विचार आहे. माझे प्रश्न असे आहेत: कोणत्या केबलला पीळ द्यायचा? बो प्रेस (लिंब म्हणजे धनुष्याच्या भुजा दाबून ताण उतरवणारे यंत्र) विकत न घेता लिंब बोल्ट सैल करून हे काम होईल का? आणि हे सारे उन्हामुळे झाले असेल का?

जुना_रायझर यांचे उत्तर:

आपले निरीक्षण नेमके आहे, त्यामुळे निम्मे निदान आपणच करून ठेवले आहे. वरचा स्टॉप आधी टेकणे आणि कमाल वजन घटणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, की बहुतेक वेळा एकच कारण निघते: वरच्या कॅमवर गुंडाळली जाणारी केबल ताणून लांब झालेली असते.

यामागचे यंत्रशास्त्र एकदा समजून घेतले, की इंटरनेटवरचे परस्परविरोधी सल्ले त्रास देत नाहीत. ट्विन कॅमच्या धनुष्यात प्रत्येक केबलचे एक टोक एका कॅमला अडकवलेले असते आणि दुसरे टोक समोरच्या लिंबच्या ॲक्सलपाशी (आसापाशी) जाते; दोर खेचताना कॅम फिरतो आणि ती केबल स्वतःवर गुंडाळून घेतो. केबल आखूड असेल, तर विश्रांतीच्या स्थितीत कॅम थोडा मागे, म्हणजे कमी फिरलेला राहतो आणि स्टॉपपर्यंत उशिरा पोहोचतो. केबल लांब असेल, तर तो आधीच थोडा पुढे फिरलेला असतो आणि लवकर पोहोचतो. म्हणून वरचा कॅम पुढे असेल, तर त्याच्यावर गुंडाळली जाणारी केबल पीळ देऊन आखूड करावी, किंवा खालच्या कॅमवर गुंडाळली जाणारी केबल उकलून लांब करावी. यांपैकी काय निवडायचे ते कमाल वजनावर आणि ड्रॉ लेंग्थवर (खेचण्याच्या लांबीवर) अवलंबून असते, कारण केबल आखूड केल्यास दोन्ही किंचित वाढतात आणि लांब केल्यास दोन्ही किंचित घटतात. आपल्याकडे वजन घटलेले आहे, म्हणून पीळ देणे हाच योग्य मार्ग दिसतो.

पीळ आहे त्याच दिशेने द्यावा. एका वेळी अर्धा फेरा पुरेसा असतो. प्रत्येक बदलानंतर ड्रॉ बोर्डवर पुन्हा पाहावे. बहुतेक कॅमवर एखादी रेघ किंवा छोटी छिद्रे खुणेसाठी असतात. विश्रांतीच्या स्थितीत दोन्ही कॅमच्या खुणा केबलच्या संदर्भात सारख्या जागी आल्या, की सुरुवात बरी झाली असे समजावे, पण खरा निर्णय पूर्ण खेचलेल्या अवस्थेतच होतो.

हायब्रिड कॅम असता, तर हे वर्णन जसेच्या तसे लागू पडले नसते, कारण त्यात कंट्रोल केबल असते आणि तिची भूमिका निराळी आहे. सिंगल कॅममध्ये तर हा प्रश्नच उद्भवत नाही. दोन फिरत्या चाकांना एकाच वेळी आणण्याची ही डोकेदुखी कंपाउंड धनुष्याइतकीच जुनी आहे. कंपाउंड धनुष्याचे शोधक हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यातही वर-खाली दोन विकेंद्री चाकेच होती.

यंत्रशाळा_हिंगणा यांचे उत्तर:

पिळाबद्दल वरचे उत्तर बरोबर आहे. लिंब बोल्टच्या प्रश्नावर मात्र मी अधिक कडक भूमिका घेईन.

बोल्ट सैल करून केबल काढण्याचा विचार सोडून द्यावा. आजच्या जवळजवळ समांतर लिंब असलेल्या धनुष्यांमध्ये निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत बोल्ट उघडले, तरी केबलवरचा ताण उरतोच, आणि मर्यादेपलीकडे गेले, तर लिंब खोबणीतून सुटू शकतो. दोन्ही बोल्ट सारखेच उघडून धनुष्य थोडे नरम करावे, हे ठीक; पण केबलचे टोक कॅमवरून काढण्यासाठी प्रेसच हवा. तोही आपल्या धनुष्याच्या निर्मात्याने मान्य केलेल्या प्रकारचा, म्हणजे लिंबच्या टोकांवर आधार देणारा असावा. लिंबच्या मध्यावर दाबणाऱ्या जुन्या पद्धतीच्या प्रेसमुळे लिंबला तडा जाऊ शकतो. चार-पाच पालकांनी मिळून एक प्रेस घेतला, तर खर्च विभागला जाईल. सराव करणारी मुले एकाच मैदानावर भेटत असल्याने हे जमवणे कठीण नाही.

ड्रॉ बोर्ड मात्र घरी बनवण्यासारखा आहे. फळी जाड, न वाकणारी घ्यावी. कमाल वजन ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो असले, तरी विंच आणि दोरी त्याच्या कितीतरी पट भार पेलणारी असावी आणि विंचला रॅचेट (उलट फिरू न देणारी दाती) हवेच. धनुष्य टेकवण्याची खुंटी रबराने मढवून ती ग्रिपच्या त्याच जागी लावावी, जिथे तळहाताचा दाब येतो. खुंटी वर-खाली झाली, तर एका कॅमवर जास्त भार येतो आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. डी-लूपला (दोरावरच्या छोट्या कडीला) भक्कम दोरीचा फास घालावा. ट्रिगर असलेला रिलीज (दोर सोडण्याचे साधन) तिथे कधीही वापरू नये, कारण बाणाविना सुटलेले धनुष्य कॅम, केबल आणि लिंब या तिन्हींची राख करते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांनाही धोका असतो. दोर ज्या रेषेत सुटेल, त्या रेषेत कोणीही उभे राहू नये. मध्ये डिजिटल लटकता काटा अडकवला, तर कमाल वजन आणि लेट-ऑफनंतरचे (पूर्ण खेचल्यावर भार कमी झाल्यानंतरचे) धरून ठेवण्याचे वजन दोन्ही वाचता येतात. ७५ टक्के लेट-ऑफ असेल, तर ४५ पौंडांचे धनुष्य पूर्ण खेचल्यावर सुमारे ११ पौंडांवर यायला हवे.

विदर्भ_तिरंदाज यांचे उत्तर:

उन्हाबद्दल लिहितो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान त्याहून बरेच अधिक असते. चांगल्या प्रतीच्या आधुनिक स्ट्रिंगमधील (धनुष्याच्या दोरातील) धागे सहसा लांबत नाहीत, पण भाराखाली आणि उष्णतेत दीर्घकाळ राहिल्यास तेही थोडेफार लांबतात, आणि दोन केबल अगदी सारख्या लांबतील याची खात्री नसते. धनुष्य वापरलेले घेतले आहे, तेव्हा स्ट्रिंग आणि केबल किती जुन्या आहेत ते प्रथम शोधावे. सर्व्हिंग (दोरावरची संरक्षक गुंडाळी) सैल झाली असेल किंवा धाग्यांवर केस उठले असतील, तर पीळ देत बसण्यापेक्षा पूर्ण संच बदलणे शहाणपणाचे ठरेल. नवा संच बसवला, तरी त्याच दिवशी टायमिंग कायमचे जुळवू नये. शंभर-दोनशे बाण सोडून तो स्थिरावू द्यावा आणि मग मोजमाप घ्यावे. धनुष्य गाडीच्या डिकीत ठेवण्याची सवय मात्र आजच मोडावी, कारण उष्णतेने लिंबचे थरही सुटू शकतात.

कुठलाही बदल करण्यापूर्वी ॲक्सल-टू-ॲक्सल लांबी, ब्रेस हाइट (दोर आणि ग्रिपमधले अंतर) आणि कमाल वजन वहीत लिहून ठेवावे आणि निर्मात्याच्या लिंबवरील लेबलशी ताडून पाहावे. हे लिहिलेले नसेल, तर चार फेऱ्यांनंतर आपण कुठून निघालो होतो हेच कळत नाही.

रामदासपेठ_पालक:

सर्वांचे मनापासून आभार. प्रेस सामाईक घेण्याची कल्पना इतर पालकांसमोर मांडतो. एक शंका उरते. फाट डावीकडेही जाते, त्याचा संबंध टायमिंगशी आहे की कॅम तिरका झाला आहे? आमच्या धनुष्याच्या केबलला ॲक्सलपाशी दोन फाटे (शाखा) आहेत. मुलगी उजव्या हाताने खेचते.

जुना_रायझर:

वर जाणारी फाट टायमिंगमुळे किंवा नॉकिंग पॉइंटच्या (दोरावर बाण लावण्याच्या जागेच्या) उंचीमुळे येऊ शकते. डावीकडची फाट बहुधा कॅमच्या कलण्यामुळे किंवा हाताने ग्रिप पिळली गेल्याने येते. फाट ‘कधी’ डावीकडे जाते असे आपण लिहिले आहे, आणि धनुष्याचा दोष असा मनमानी नसतो. म्हणून प्रथम तिचा हात पाहावा. तळहात सैल ठेवून सोडलेल्या प्रत्येक बाणाची फाट डावीकडेच जात असेल, तर कॅमच्या सपाट बाजूला एक बाण लावून तो दोराशी समांतर जातो का ते पाहावे. उजव्या हाताने खेचणाऱ्यासाठी डावी फाट असल्यास डाव्या फाट्याला पीळ द्यावा आणि तेवढाच पीळ उजव्या फाट्यातून काढावा. असे केल्याने केबलची सरासरी लांबी आणि म्हणून टायमिंग फारसे हलत नाही. यासाठीही प्रेस लागतोच.

क्रम मात्र उलटू नये. आधी टायमिंग, मग कॅमचा कल, त्यानंतर नॉकिंग पॉइंट आणि रेस्ट (बाणाचा टेका), आणि सर्वांत शेवटी साइट (नेम धरण्याचे साधन). टायमिंग हलले, की आधी जुळवलेली नॉकिंग पॉइंटची उंची पुन्हा तपासावी लागते, म्हणून रेस्टपासून सुरुवात करणाऱ्यांचे काम दुप्पट होते.

ड्रॉ बोर्डवर दोन्ही स्टॉप एकत्र टेकू लागल्यावर आणखी एक चाचणी २० मीटरवर करावी. काही बाण वॉलमध्ये जोरात खेचून सोडावेत आणि काही किंचित सैल धरून सोडावेत. दोन्ही गटांची उंची सारखी आली, तर ते टायमिंग त्या खेळाडूसाठी योग्य आहे. फरक पडत असेल, तर एका केबलला अर्धा फेरा देऊन किंवा काढून पुन्हा पाहावे. बोर्डवर अचूक दिसणारे आणि प्रत्यक्ष खेळाडूच्या हातात सर्वांत क्षमाशील ठरणारे टायमिंग यांत कधी कधी थोडा फरक निघतो, आणि अशा वेळी मी बोर्डपेक्षा लक्ष्यावरच्या बाणांवर विश्वास ठेवतो. ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ आठ सेंटिमीटरचे असते. आपल्याच नागपूरच्या ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद १५० विरुद्ध १४९ असे एका गुणाने जिंकले, तेव्हा उभ्या रेषेतला दोन-तीन सेंटिमीटरचा फरक कुठे भोवतो, हे वेगळे सांगायला नको.

रामदासपेठ_पालक:

हाताबद्दलची सूचना पटली. केबलला पीळ दिल्यावर पीप (दोरातील, नेम धरताना पाहण्याचे छिद्र) फिरेल का, एवढे सांगावे.

यंत्रशाळा_हिंगणा:

केबलला पीळ दिल्याने पीप फिरत नाही. तो स्ट्रिंगमध्ये असतो, त्यामुळे स्ट्रिंगला पीळ दिल्यास फिरतो. मात्र कॅमची विश्रांतीची जागा बदलल्याने पीपची उंची किंचित सरकू शकते. तिने डोळे मिटून खेचावे, अँकर लावावा (हात चेहऱ्यावरच्या ठरलेल्या जागी टेकवावा) आणि मग डोळे उघडावेत. पीपमधून साइटचे वर्तुळ मान न हलवता मध्यभागी दिसले, तर तो तसाच राहू द्यावा. ५० मीटरची साइटची खूण मात्र नव्याने घ्यावी लागेल.