मालवण–पुणे–मिनेसोटा ग्रुप: नंदूची होडी

शीतल (मिनिआपोलिस): सगळ्यांना नमस्कार 🙏 हे ग्रुपवर टाकलं म्हणून नंदू चिडणार आहे, तरी टाकते. त्याने 14 फुटी ॲल्युमिनियमची नवी होडी पसंत केली आहे आणि शनिवारी ॲडव्हान्स द्यायला निघालाय. मागे लावायचं मशीन म्हणजे इंजिन वेगळं, ऑनलाइन जाहिरातीतलं, वापरलेलं, 15 हॉर्सपॉवरचं. आणि जायचं कुठे? मिल लॅक्सच्या तळ्यावर, मे महिन्यात, दोन्ही मुलांना घेऊन. मागच्या उन्हाळ्यात मित्राच्या होडीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. भाईकाका, तुमचंच तो ऐकतो. सांगा काहीतरी.

सुनीलकाका (पुणे): नवीन कशाला? जुनी घ्या. अर्ध्या किमतीत येते.

मंजूआत्या: शीतल, मुलांना नेऊच नका बाई. तो एकटा जाईना का.

नंदू: आत्या, मुलांसाठीच घेतोय. नाहीतर मी काठावर उभा राहूनही गळ टाकतो. बजेट 12 हजार डॉलर, त्यात ट्रेलर, टॅक्स, रजिस्ट्रेशन, लाइफ जॅकेट सगळं. इथे राज्याचा सेल्स टॅक्सच 6.875 टक्के आहे. शोरूमची पाटी बघून उड्या मारता येत नाहीत, वर फ्रेट म्हणजे वाहतुकीचे आणि प्रेप म्हणजे होडी तयार करून देण्याचे पैसे वेगळे लावतात. म्हणून 14 फूट.

भाईकाका (मालवण): मशीन बसता ती मागची फळी किती उंच आसा? ता आधी सांग.

सचिन (रत्नागिरी): दादा, 14 आणि 16 मध्ये फक्त दोन फुटांचा फरक नाही. 16 फुटी बहुतेक वेळा रुंदही असते आणि कडाही उंच असतात. चार माणसं, ट्रेलरवरून उतरवलेलं सामान, पेट्रोलची टाकी, नांगर धर. 14 फुटीत पाण्याची रेघ कुठे येईल बघ.

नंदू: 14 फुटीच्या प्लेटवर चार माणसं लिहिलंय.

सचिन: प्लेटवर माणसांबरोबर वजनही लिहिलेलं असतं. 20 फुटांखालच्या होडीवर ती कपॅसिटी प्लेट अमेरिकेत लावावीच लागते. माणसं किती, एकूण वजन किती, जास्तीत जास्त हॉर्सपॉवर किती. ते आकडे शांत पाण्यासाठी धर. लाटेत प्लेट मदतीला येत नाही.

गणेश (मालवण): दादा वहिनीक घाबरवू नको 😄 आमचो फायबर बघ, 22 फुटी, आठ टुरिस्ट बसवतंय.

शीतल: गणेशभावजी, तुमच्याकडे किनारा दिसतो. मिल लॅक्स साधारण 535 चौरस किलोमीटर आहे. मधे गेलं की पलीकडचं काही दिसत नाही.

सुनीलकाका: एवढी मोठी तर मग जुनी 17-18 फुटी घ्या. अर्ध्या किमतीत. मी म्हणतोय तेच.

नंदू: काका, जुन्या दोन बघून आलो. एकीच्या बाकाखालचा फोम पाणी पिऊन बसला होता. या होड्यांत फोम भरतात तो होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून. तोच ओला झाला तर होडी जड होते आणि वेळेला कामाचा राहत नाही. दुसरीची मागची फळी आतून कुजलेली. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा छान, आत प्लायवूड असतं, मशीन धरून वर-खाली केलं की फळीही हलत होती.

भाईकाका: तीच तर फळी मियां इचारतंय. किती उंच?

बाबल्यामामा (ठाणे): शुभ सकाळ 🌹 आजचा सुविचार: संयम हेच खरे धन.

मंजूआत्या: मामा, शुभ सकाळ. चहा झाला का?

सुनीलकाका: सगळ्या जुन्या कुजलेल्या नसतात. जानेवारीत बोट शो असतो ना तिकडे? तिथून मागच्या वर्षीचा न विकलेला माल घ्यायचा. मी वाचलंय.

नंदू: शो होऊन गेला काका. आता मार्च चाललाय. एप्रिलअखेर बर्फ वितळतो आणि मेच्या मध्यावर वॉलाय मासेमारीचा मोसम उघडतो. सगळा गाव तेव्हाच होडी शोधतो.

पिंकी (ठाणे): वॉलाय म्हणजे कसा असतो? चव?

शीतल: पांढरा, काटे कमी. मी तिरफळ घालून केला होता, बरा लागतो. सुरमईची सर नाही.

गणेश: तिरफळ घालून केल्यावर दगड पण बरो लागता.

मंजूआत्या: तिरफळं पाठवलेली संपली का? पुढच्या वेळी कोण येणार तेव्हा देते. आणि मांगराच्या कौलांचं काय ठरलं? पाऊस जवळ आलाय. होडीला पैसे आहेत, कौलांचं नाव कोणी काढत नाही.

शीतल: आत्या, आमचे दिवाळीतच दिले होते. गुरुवारच्या मेसेजला तुमचा अंगठापण आला होता.

मंजूआत्या: तुमचं म्हणत नाही गं. ज्याला कळायचं त्याला कळलं.

सुनीलकाका: मला उद्देशून असेल तर सरळ बोला. मी पण दिलेत, फक्त यादी कोणी लावत नाही.

भाईकाका: आजोबांची होडी विकलास तेवा यादी लावलंलस?

सुनीलकाका: भाई, तो विषय इथे नको.

(हा मेसेज हटवला आहे)

सचिन: ॲडमिन म्हणून विनंती 🙏 कौलांचा हिशोब रात्री मी वेगळा टाकतो. आत्ता होडी. दादा, 14 फुटी रिव्हेट ठोकून जोडलेली आहे की वेल्डेड? पत्रा किती जाड?

नंदू: रिव्हेट. तळाला 0.080 इंच. 16 फुटीला त्याच कंपनीत 0.100 मिळतो.

सचिन: म्हणजे 2 मिलिमीटर आणि अडीच. अर्धा मिलिमीटर कागदावर काही वाटत नाही. उथळ तळ्यातली आखूड लाट तळावर सारखी आपटते, तिथे तो जाणवतो. रिव्हेट काही वर्षांनी सैल होतात, थोडं पाणी झिरपतं, पण परत ठोकून घेता येतात. वेल्डेडला सांधेच कमी, पण चीर गेली तर ॲल्युमिनियमचा चांगला वेल्डर शोधावा लागतो. तुझ्या बजेटला रिव्हेट ठीक. फक्त जाड पत्र्याची घे.

गणेश: आमच्याकडे फायबरक चीर गेली तर मॅट नि रेझिन लावून संध्याकाळपर्यंत पाण्यात.

नंदू: गोड्या पाण्यात ॲल्युमिनियमला फारसा त्रास नाही. दगडावर घासली तरी पोचा येतो, फुटत नाही. शिवाय हलकी, साधी गाडी ट्रेलर ओढते. इथे सगळे ॲल्युमिनियमच घेतात, अल्युमाक्राफ्ट आणि क्रेस्टलायनर, दोन्ही कंपन्या मूळच्या मिनेसोटातल्याच.

भाईकाका: नंदू. मागची फळी किती उंच आसा आणि मशीनचो पाय केवढो? तिसऱ्यांदा इचारतंय. ॲल्युमिनियम ऱ्हवूंदे बाजूक.

नंदू: सॉरी भाईकाका, धावपळीत राहून गेलं. दुकानात फोन करतो.

सुनीलकाका: पायाचा काय संबंध?

गणेश: बाबा टायप करतत. थांबा.

भाईकाका: सुनील, आयक. पंखो होडयेच्या तळाखाली जावक व्हयो. फळी उंच नि पाय आखूड, तर पंखो वारो खाता. मशीन बोंब मारता, होडी जाग्यार. फळी आखूड नि पाय लांब, तर पाणी ओढीत बसता, तेल जाता नि उथळात पंखो दगडाक लागता. आणि फळी आखूड म्हणजे मागसून लाट इली की सरळ पायांत. मागच्या लाटेनच होड्ये भरतत, फुडच्या लाटेन नाय. मासो लागलो की माणूस मशीन बंद करता, मागच्या बाजूक जाता, तेवाच लाट येता.

शीतल: मित्राच्या होडीत हेच झालं होतं. अगदी हेच. मासा लागला म्हणून सगळे मागे गेले आणि पाणी आत आलं. बोलायला कोणी तयार नव्हतं म्हणून मी गप्प बसले होते.

पिंकी: वहिनी 😟

नंदू: मोजून घेतलं. 14 फुटीची फळी 20 इंच. जाहिरातीतल्या माणसालाही विचारलं, त्याचं मशीन शॉर्ट शाफ्ट, म्हणजे पाय आखूड, 15 इंच. म्हणजे जमणार नाही.

भाईकाका: नाय जमूचा.

सुनीलकाका: मग फळी कापून घ्यायची.

भाईकाका: सुनील, तू पुण्यात ऱ्हव.

मंजूआत्या: भाई!!

सचिन: नवं मशीनच घे दादा. 15 ऐवजी 20. चार माणसं घेऊन 16 फुटीला 15 हॉर्सपॉवर वर उचलणार नाही, नाक वर करून पाणी ढकलत राहील आणि पेट्रोलही जास्त खाईल. 20 ची फोरस्ट्रोक मशीन साधारण 45 ते 50 किलोत बसतात. 25 ला गेलास की मॉडेलप्रमाणे 55 ते 70. फळीवरचं ते जास्तीचं वजन मागच्या बाजूलाच पडतं. बजेटात 20 च बरं.

गणेश: कंपनी कुठली ता नंतर. पयलो बघ, तुझ्या घरापासून जवळ सर्व्हिस कोण देता. आमच्याकडे यामाहा चलता कारण पार्ट कोपऱ्यावर मिळता, ह्या एकाच कारणासाठी.

नंदू: इथे मर्क्युरीवाला दहा मिनिटांवर आहे, सुझुकी-तोहात्सूवाला जरा लांब. छोट्या मशीनमध्ये आता बॅटरीशिवाय चालणारी इंधन इंजेक्शनची मिळतात, दोरी ओढली की चालू. हिवाळ्यात बॅटरी सांभाळायची कटकट नाही.

सचिन: हिवाळ्यावरून आठवलं, खालच्या गिअरचं तेल हिवाळ्याआधी बदलायचं. पाणी शिरलेलं असेल तर उणे वीसमध्ये बर्फ होऊन केसिंग फुटतं. हे वापरलेल्या मशीनमध्ये आधी बघायचं.

सुनीलकाका: तरी जुनी 16 फुटी बघायला काय हरकत आहे, अर्ध्या किमतीत...

पिंकी: काका, चौथ्यांदा 🙏

सुनीलकाका: मी भावाच्या मुलाच्या पैशांचा विचार करतोय. ऐकायचं नसेल तर राहू दे.

नंदू: काका, ऐकतोय. चांगली जुनी मिळाली असती तर घेतलीच असती, खरंच. फळी आणि फोम शाबूत असलेली सापडली नाही.

शीतल: मुलांचं सांगा. मेमध्ये पाणी अजून फार थंड असतं, बर्फ नुकताच गेलेला. पडलं तर पोहता येतं की नाही हा प्रश्नच येत नाही, श्वासच अडकतो.

नंदू: दहा वर्षांखालच्या मुलांना होडी चालू असताना जॅकेट घालणं इथे कायद्यानेच सक्तीचं आहे. आपल्या होडीत सगळ्यांनाच, मलाही. 16 फुटी आणि त्यावरच्या होडीत पाण्यात पडलेल्याकडे फेकायची उशी किंवा रिंगही लागते. आणि मशीन चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी, म्हणजे माणूस पडला की मशीन बंद होतं ती, 2021 पासून त्याचा फेडरल नियम आहे.

भाईकाका: दोरी बांधूची. नियम असो नसो. मशीन चालू ऱ्हवन माणूस पडलो तर होडी गोल फिरान त्याच्याच अंगार येता. माका म्हायती आसा.

(थोडा वेळ कोणीच काही लिहीत नाही.)

मंजूआत्या: बाबांच्या वेळचं. नको आता ते.

नंदू: आता माझं गणित ऐका. 16 फुटी, जाड पत्रा, उघडी बाकं, कारपेट नाही, लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) नाही, स्टीअरिंग कन्सोल नाही, हाताने चालवायची. 20 चं लाँग शाफ्ट नवं मशीन. साधा ट्रेलर. मोठा फिशफाइंडर काढून टाकला, छोटा घेतो, तोही सध्या नाही घेतला तरी चालेल. दुकानदाराने टॅक्स धरून 12,400 सांगितलेत. 400 जास्त होतात.

शीतल: 400 चं मी बघते. माझ्या फिरण्याच्या पैशातून जाऊ देत. पण 14 फुटी नाही.

सचिन: दादा, फ्रेट आणि प्रेप त्यात धरलंय का, लिहून घे. तोंडी नको. आणि प्लेटवर 20 चालतं का?

नंदू: प्लेटवर कमाल 30. फ्रेट धरलंय, प्रेपचं विचारतो.

भाईकाका: फळी?

नंदू: 20 इंच. मशीनही 20 इंच. स्वतः टेप लावून मोजली, फोटो पाठवतो.

भाईकाका: आता घे.

पिंकी: 🎉🎉

बाबल्यामामा: अभिनंदन नंदू!! पेढे कधी?

मंजूआत्या: नारळ फोडल्याशिवाय पाण्यात उतरवू नका. तिकडे नारळ मिळतो ना?

शीतल: मिळतो आत्या, इंडियन स्टोअरमध्ये.

सुनीलकाका: बरं झालं. चांगली घे. पाचशे डॉलर वरखाली झाले तर मला सांग, ग्रुपवर नको, फोन कर.

नंदू: काका 🙏

गणेश: दादा, होडयेतला पाणी काढूच्या खालच्या प्लगचा काय? तुमच्याकडे कायदो हा म्हणतत.

नंदू: हो. झेब्रा शिंपले (बाहेरून आलेली उपद्रवी जात) एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर होडी नेताना प्लग काढूनच ठेवावा लागतो, पाणी पूर्ण निथळायचं. दंड आहे.

भाईकाका: मगे पाण्यात घालताना लावचो कोण ता आधीच ठरव. एक जास्तीचो प्लग घेवन ठेव, किल स्विचच्या दोरयेक बांधून.

सचिन: कौलांची यादी टाकली आहे, सगळ्यांनी बघा. सुनीलकाका, तुमचे आले आहेत, माझ्याकडूनच नोंद राहिली होती.