मदत हवी आहे: काजूच्या रोपांची मान वाकडी का येते? बी उलटी पडल्यामुळे?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात आमची घरची छोटी रोपवाटिका आहे. यंदा मेअखेरीस खुंटांसाठी (म्हणजे ज्यांच्यावर पुढे कलम बांधतात त्या रोपांसाठी) ४०० पिशव्यांत काजूची बी टाकली. परवा कलमं बांधणारे काका आले, एकेक पिशवी हातात घेऊन पाहिली आणि ४६ रोपं बाजूला काढून ठेवली. "ह्यांच्या माना बघ. असल्या खुंटावर मी कलम बांधणार नाही, वारा सुटला की इथंच मोडेल," म्हणाले. मला फार वाईट वाटलं, कारण चूक कुठे झाली त्याचा अंदाज आहे.

सासऱ्यांनी मला शिकवलंय की काजूची बी देठाकडची बाजू वर ठेवून लावायची, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नाही. मी तशाच लावते. पण यंदा आभाळ भरून आलं, घाई झाली, म्हणून वाडीतल्या दोन मुलांना हाताशी घेतलं. त्यांनी बी हातात येईल तशी पिशवीत सोडली, काही आडव्या, काही उलट्या. कुठल्या पिशव्या त्यांच्या आणि कुठल्या माझ्या, याची खूण केली नाही.

खात्री करायला घरी एक प्रयोग केला. काचेच्या ग्लासात ओला टीपकागद गुंडाळला आणि काच व कागदाच्या मध्ये चार कडवे वाल अडकवले. एकाचा डोळा वर, एकाचा खाली, दोन आडवे. ग्लास कपाटात, काळोखात ठेवला. मोड आल्यावर बघते तर चारही मुळं खालीच! डोळा वर असलेल्या वालाचं मूळ आधी थोडं वर निघालं आणि मग दाण्याच्या खांद्यावरून वळून खाली आलं. मग मी ग्लास उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुळांची टोकं पुन्हा नव्या तळाकडे वळलेली. पण आधीचा वाक तसाच राहिला, सरळ झाला नाही. एक मूळ तर अगदी अवग्रहासारखं (ऽ) दिसतंय. बिरड्याला मोड आणताना इतकी वर्षं वाल फडक्यात बांधले, पण मोड कुठल्या बाजूला वळतात ते कधी निरखून पाहिलं नव्हतं.

आता माझे प्रश्न. ग्लासच्या तळाशी थोडं पाणी साचतंच, मग मूळ खाली जातं ते जमिनीच्या ओढीने की पाण्याच्या ओढीने? दुसरं म्हणजे, ही ४६ रोपं काठी बांधून सरळ होतील का? पुढच्या महिन्यात नारळही रुजत घालायचे आहेत. त्यांनाही उभं-आडवं बघावं लागतं का?

प्रतिसाद १

ताई, वालाचा प्रयोग छान केलात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून पहिल्या प्रश्नाचं सांगते.

मुळाला पाण्याची ओढ असतेच, पण तुम्ही पाहिलंत ते मुख्यतः गुरुत्वाचं काम. थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८०६ साली हे फार सुंदर दाखवलं. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला त्यांनी रुजती बियाणी बांधली. बिया कशाही बांधल्या तरी उभ्या चाकावर मुळं बाहेरच्या बाजूला वाढली आणि कोंब मध्याकडे. आडवं चाक मिनिटाला ८० फेरे फिरवलं तेव्हा मुळं ४५ अंशांत तिरपी खाली गेली, म्हणजे चाकाची बाहेरची ओढ आणि पृथ्वीची खालची ओढ यांच्या बरोबर मधून.

मुळाच्या टोकावर टोपी असते. तिच्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की ते कण पेशीच्या खालच्या बाजूला बसतात, आणि त्यावरून ऑक्सिन नावाचं संप्रेरक मुळाच्या खालच्या अंगाला जास्त जातं. मुळात जास्त ऑक्सिन वाढ रोखतं, म्हणून वरचं अंग जास्त लांबतं आणि मूळ खाली वळतं. कोंबात तेच ऑक्सिन वाढ वाढवतं, म्हणून कोंब वर वळतो. ही वळण्याची क्रिया टोकामागच्या लांबत असलेल्या छोट्या पट्ट्यातच होते. त्यामागचा भाग लांबायचा थांबलेला असतो, म्हणून तुमचा अवग्रह पुसला गेला नाही.

प्रतिसाद २

ताई, सावंतवाडीकडे माझी काजू-आंब्याची नर्सरी आहे. आधी एक बघा: वाक मातीच्या वर आहे की खाली? मातीखाली, बीच्या जवळ असेल तर बी उलटी किंवा आडवी पडली होती. मातीच्या वर चार बोटांवर असेल तर बीचा दोष नाही, पिशवी कलंडली आणि शेंडा पुन्हा वर वळला. दोन्ही वाक लांबून सारखेच दिसतात.

जून झालेला वाक काठीने सरळ होत नाही, काठी फक्त कोवळ्या शेंड्याला वळण लावते. एक-दोन पिशव्या फाडून सोटमूळ बघा. मुळाने वेटोळं घेतलं असेल तर ते रोप टाकून द्या, गिऱ्हाइकाला देऊ नका. पाच वर्षांनी झाड कलंडलं की शिव्या आपल्यालाच.

नारळ उभा-आडवा दोन्ही तऱ्हांनी रुजवतात. उभ्या लावलेल्या रोपांना वाहतुकीत इजा कमी होते, म्हणून मी उभेच लावतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज पाऊस थांबल्यावर सगळ्या पिशव्या तपासल्या. ४६ पैकी ३१ रोपांचा वाक मातीखाली आहे, त्यातली दोन उपटून पाहिली, सोटमुळाने पूर्ण वळसा घेतलाय. ती सगळी काढून टाकते. उरलेली १५ ओळींच्या टोकाची आहेत, जिथे पिशव्यांना टेकू नव्हता आणि पन्हळीचं पाणी पडत होतं. दादा, या १५ मध्ये वाकाच्या वर वीतभर सरळ दांडा मिळतोय. तिथे कलम बांधलं तर चालेल, की वाक खुंटात राहणारच म्हणून तीही सोडून देऊ?