भावाला भटकंतीसाठी चाकू द्यायचाय, कोणता घ्यावा?

प्रश्न:
धाकटा भाऊ सुट्टी मिळाली की पाठीला तंबू लावून रानात जातो. वाढदिवसाला त्याला चाकू द्यायचाय. दोरी कापणं, काटक्या तासणं, भाजी चिरणं एवढं काम. घडीचा घेऊ की म्यानातला? शोभेची वस्तू नको, रोज हातात राहील असा हवा.

प्रतिसाद १:
ताई, लाकूड तासायचं असेल तर म्यानातलाच घ्या. घडीच्या चाकूचा सांधा जोराच्या कामाने सैल होत जातो. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असेल तर उत्तम. पातं १० सेंटिमीटरच्या आसपास पुरे. त्याहून मोठ्याने बारीक काम नीट होत नाही. कार्बन स्टीलला धार छान आणि पटकन लागते, पण ओलं राहिलं की गंज चढतो. भाऊ पुसून तेलाचा हात फिरवणाऱ्यातला नसेल तर सरळ स्टेनलेस.

प्रतिसाद २:
घडीचाच हवा असेल तर ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबरचा चाकू बघा. पातं साडेआठ सेंटिमीटर. १९५५ पासून त्यांच्या चाकूंना फिरतं कडं आलं. ते फिरवलं की पातं बोटांवर मिटत नाही. लाकडी मूठ मात्र भिजली की फुगते, मग उघडायला जड जातं.

प्रतिसाद १:
हो, ते कडं फार कामाचं. आणि ताई, सोबत धारेचा दगड नक्की द्या. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, तिथेच हात सटकतो. विमानाने जाणार असेल तर चाकू हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात.