"माले पानी दे" ला फुली का?
काही जण म्हणतात की बिहेवियर थेरपीचं (वागणं-बोलणं टप्प्याटप्प्याने शिकवण्याच्या थेरपीचं) टेक्निक सगळीकडे सारखंच, संस्कृतीचा काय संबंध. मला नाही पटत. माझा भाचा ऑटिस्टिक आहे, जळगावला थेरपी चालू होती, तो "माले पानी दे" म्हणायचा, घरात आजी अहिराणीच बोलते ना, आणि थेरपिस्टच्या तक्त्यात फुली, म्हणजे चूक, कारण ठरलेलं वाक्य "मला पाणी हवं". अहो पोरगं स्वतःहून मागतंय, अजून काय पाहिजे! तेच चमच्याचं, चमच्यानेच खा म्हणायचे, पण कळण्याची भाकर आमच्याकडे हातानेच चुरून खातात. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यूचे, म्हणजे माणसाची संस्कृती समजून घेण्याच्या मुलाखतीचे, १६ प्रश्न दिलेत, तसले प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा ना, आणि आईसोबत आजीलाही बसवा.