मदत हवी आहे : टाकी ते पंप लोरा नोड, पाणी चढवताना पॅकेट हरवतात

गच्चीवरचा
पुण्यात बाणेरमधली सोसायटी, १२ इमारती. प्रत्येक गच्चीवर टाकीची पातळी मोजणारा नोड (लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओचं छोटं यंत्र) आणि खाली ४ पंप. एका पंपाकडे ३ टाक्या. मध्ये गेटवे (सगळ्यांचे संदेश गोळा करणारं केंद्र) नाही, टाकी थेट आपल्या पंपाच्या नोडशी बोलते.

रेडिओ चिप एसएक्स१२७६, सगळे ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर, एसएफ१० (स्प्रेडिंग फॅक्टर : आकडा मोठा तितकं पाठवणं सावकाश, पल्ला लांब), बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग रेट ४/५. टाकीचं पॅकेट २० बाइट, पंपाची पोच १० बाइट. एरवी १० मिनिटांनी एक पॅकेट. पंप चालू झाला की पंपाचा नोड तसं कळवतो आणि टाक्या दर ३० सेकंदांनी पाठवतात. पोच आली नाही तर २ सेकंदांनी पुन्हा, असं ३ वेळा. पाठवण्याआधी कॅड (चिपमधली चॅनेल तपासण्याची सोय) लावून चॅनेल मोकळा आहे का बघतो.

रात्री सगळं व्यवस्थित. सकाळी चारही पंप चालू असताना जवळपास ४० टक्के पॅकेट हरवतात, आणि त्यातही ‘सी’ नावाच्या पंपाच्या टाक्यांची जास्त. पॉवर १४ वरून २० डीबीएम केली, काही फरक नाही. एसएफ१२ करू का? की टाइम स्लॉट (प्रत्येकाला बोलायची ठरलेली वेळ) लिहायला घेऊ?

तरंगलांबी
एसएफ१२ अजिबात करू नका, आहे त्याहून बिघडेल. २० बाइटचं पॅकेट एसएफ१० ला हवेत साधारण ३७० मिलिसेकंद राहतं, एसएफ१२ ला १.३ सेकंद, एसएफ७ ला फक्त ५७. आत्ता १२ टाक्या आणि त्यांच्या पोचा मिळून ३० सेकंदांतले जवळजवळ ८ सेकंद चॅनेल व्यापतात, म्हणजे २६ टक्के. पुन्हा पाठवलेली पॅकेट अजून धरलेलीच नाहीत. पॉवर सगळ्यांनी सारखी वाढवली की टकरीत कोण जिंकतो हे तसंच राहतं. साधारण ६ डीबीने जोरात असलेलं पॅकेट वाचतं, दुसरं मरतं. सी पंपाचा सिग्नल कमकुवत असणार, म्हणून तो दरवेळी हरतो.

खरी गोम पंपाच्या संदेशात आहे. तो तिन्ही टाक्यांना एकाच क्षणी मिळतो, तिन्ही एकाच क्षणी कॅड लावतात, तिघांनाही चॅनेल मोकळा दिसतो आणि तिघंही एकदम बोलतात. पोच नाही, म्हणून २ सेकंदांनी पुन्हा तिघं एकदम. शिवाय एसएक्स१२७६ चा कॅड फक्त प्रिअँबल (पॅकेटच्या सुरुवातीची खूण) ओळखतो. एसएफ१० ला प्रिअँबल १०० मिलिसेकंदांचा, त्यामुळे पुढचे २७० मिलिसेकंद कोणी बोलत असलं तरी कॅडला पत्ता नसतो. एसएक्स१२६२ ही चिप पॅकेटच्या मधली चिन्हंही ओळखतो, पण त्यासाठी १६ नोड बदलण्याची गरज नाही.

दोनशेबावीस
टक्कर आहे हे आधी सिद्ध करा. सकाळी पंपही चालू असतात, म्हणजे कॉन्टॅक्टर (मोटरचा विद्युत स्विच) आणि ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) विजेचा अडथळाही तेव्हाच. पंप बंद ठेवून बाराही टाक्यांना १५ मिनिटं ३० सेकंदांच्या मोडमध्ये टाका, पण सुरुवातीचा संदेश पंपाच्या नोडकडूनच जाऊ द्या. तेवढीच गळती दिसली तर टक्कर. थांबली तर विजेचा अडथळा, मग चॅनेल वाटून उपयोग नाही.

गच्चीवरचा
चाचणी केली, पंप बंद असतानाही तीच गळती. एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती डीबी वर) नऊ टाक्यांचा +२ ते +६, सी च्या तिघांचा −९ ते −११. सी चा नोड स्टार्टरच्या लोखंडी पॅनेलमध्ये आहे, अँटेनासकट. पंपघर गेटला लागून.

तरंगलांबी
मग क्रमाने जा. सी चा अँटेना आधी पॅनेलबाहेर काढा. एसएमएची (अँटेनाच्या स्क्रूच्या जोडाची) एक्सटेन्शन केबल तापकीर गल्लीत मिळेल, पण पिन बघून घ्या. वायफायची आरपी-एसएमए (उलट्या पिनची) फिरवून बसते, पण आत मधली पिन जुळत नाही. एसएफ७ ला एसएनआर −७.५ पर्यंत चालतो, त्यामुळे आत्ताच्या −१० वर सी एसएफ७ वर येणार नाही. अँटेना बाहेर आल्यावर −३ च्या वर आला तर बिनधास्त एसएफ७ करा.

चार पंपांना चार चॅनेल द्या : ८६७.१, ८६७.३, ८६७.५, ८६७.७ मेगाहर्ट्झ. गेटवर गाड्यांचे टॅग वाचणारा रीडर असेल तर तो ८६५–८६७ मध्ये चालतो, फास्टॅगचाही तोच पट्टा, म्हणून त्याच्या वरचे चॅनेल. २०२१ च्या नियमांनी विनापरवाना पट्टा ८६८ पर्यंत वाढला आहे, मर्यादा १ वॉट आणि रुंदी २०० किलोहर्ट्झ. लोराचे १२५ त्यात आरामात बसतात. सी मात्र गेटजवळ आहे. रीडर इतका जवळ असेल तर चॅनेल वेगळा असूनही रिसीव्हर दबतो, म्हणून अँटेना गेटच्या उलट्या भिंतीवर लावा.

स्लॉटसाठी वेगळं काही लिहू नका. पंपाचा संदेश आला की पहिली टाकी १ सेकंदाने, दुसरी ११, तिसरी २१ सेकंदांनी. पुढे दर ३० सेकंदांनी. २० पीपीएमच्या (दहा लाखात २०) क्रिस्टलचा, म्हणजे नोडच्या घड्याळाचा, सरकाव तासाला ७२ मिलिसेकंद, १० सेकंदांच्या फटीत तो जाणवणारही नाही. पोच चुकली तर ५०० ते ३००० मिलिसेकंदांत यादृच्छिक थांबा, आणि बीज (यादृच्छिक आकडे काढायची सुरुवातीची संख्या) नोडच्या आयडीवरून घ्या, नाहीतर सगळ्यांचे आकडे सारखेच येतात.

दोनशेबावीस
एक राहिलं. पंपाने ९० सेकंद टाकीचं काही ऐकलं नाही तर स्वतःहून बंद व्हायला हवं. ‘टाकी भरली’ हेच पॅकेट नेमकं हरवलं तर पाणी गच्चीवरून वाहत राहील.

गच्चीवरचा
आत्ता ते १० मिनिटं आहे. आजच बदलतो. सी ची केबल २ मीटर चालेल का?

तरंगलांबी
आरजी५८ असेल तर या फ्रिक्वेन्सीला २ मीटरमध्ये १ डीबीच्या आसपास जाईल, चालेल. बारीक आरजी१७४ घेऊ नका, तेवढ्याच लांबीत त्याच्या दुप्पट जातं.