अनुभव धागा: आपल्याच घरी पाहुणे कधी झालात?

दर्यापूर तालुका, सध्या टोरांटो (धागा मी काढतोय)
आमचा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. शहानूर धरणाच्या नळावर वाढलो आम्ही, तोही येईल तेव्हा भरून ठेवायचा. यंदा मे महिन्यात चार वर्षांनी घरी गेलो. पारा 45 वर. माठाकडे हात नेला, तर आईनं पलंगाखालून बाटलीबंद पाण्याचा खोका ओढला. "तू हेच पेत जाय आता. नळाचं बाधन तुले." खोक्यावर नवा टॉवेल घडी करून ठेवलेला. मी पाहुणा झालो तो असा. विदर्भातल्या खेड्यांतून बाहेरदेशी गेलेल्यांनो, तुमचा हा दिवस कोणता? वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, इथं कोणी हसणार नाही.

राळेगाव तालुका, सध्या नॅराब्राय, ऑस्ट्रेलिया
कापसापासून पळालो आणि कापसातच येऊन पडलो. इथल्या जिनिंगमध्ये कामाला आहे. वेचणी मार्च-एप्रिलकडे सुरू होते. एक यंत्र, त्यात एक माणूस, आणि मागून पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले दोन टनांवरचे गोल गठ्ठे पडत जातात. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं.
"वेचाले बाया किती?"
"एकही नाही."
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "मंग त्या बाया कुठी जातात?"
वेचाईला बाया मिळत नाहीत ही दरवर्षीची तक्रार त्यांचीच, बरं का. तरी विचारलं. मला उत्तर आलं नाही.
दसरा झाल्यावर गावी गेलो, तेव्हा सीतादही होती. पहिल्या वेच्याआधी दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो शेतात शिंपडतात. लहानपणी शिंपडायचं काम माझं, आता पुतण्याचं. मी वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधायला घेतली, तर बाबांनी हातातून काढून घेतली. "राहू दे, बोटं सोलतीन." वाळल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, खरंच सोलली असती. धुऱ्यावर माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. प्लॅस्टिकची, लाल. तिच्यावर बसून मी आईला वेचताना पाहिलं.

लाखांदूर तालुका, सध्या दोहा
माझं तर पोस्टरवर छापून आलं! आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या येतात, पहाटेपर्यंत चालतं. आम्ही पोरं बोरा अंथरून पुढची जागा धरायचो, तिसऱ्या अंकात झोपायचो. यंदा गेलो, तर चौकातल्या पोस्टरवर उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक अशा नावांच्या रांगेत मी. सहउद्घाटक! वर्गणी किती द्यायची ते आधीच ठरवून ठेवलं होतं त्यांनी. सोफ्यावर बसवलं, हार घातला. मागं बोऱ्यावर माझे वर्गमित्र शेंगा फोडत होते. दोन अंक झाल्यावर हळूच तिकडं सरकलो. कोणी काही म्हटलं नाही, थोडी जागा केली.

अचलपूर तालुका, सध्या डब्लिन
सगळ्या पुरुषांनीच लिहिलेलं दिसतंय. मला अजून कोणी खुर्ची दिलेली नाही. महालक्ष्म्यांना रजा काढून गेले. उतरले त्याच्या दुसऱ्या पहाटे साडेचारला उठून सोळा भाज्या चिरायला बसले, आंबिल ढवळली, पुरणाला हात लावला. जेटलॅग सासूबाईंना समजावून सांगा कोणीतरी. नवऱ्याला मात्र दुपारी बारापर्यंत "झोपू द्या, थकला आहे".

वरुड तालुका, सध्या म्युनिक
पाहुणा मी इथल्या मराठी माणसांतच जास्त होतो. पहिल्याच जेवणाला विचारलं, सांबार कुठी मिळते? एका काकांनी मोठ्या प्रेमानं इडलीच्या हॉटेलचा पत्ता दिला. मला कोथिंबीर पाहिजे होती.

राळेगाव तालुका, सध्या नॅराब्राय, ऑस्ट्रेलिया
टोरांटोवाले भाऊ, मग पाणी कोणतं प्यालात ते सांगाच.

दर्यापूर तालुका, सध्या टोरांटो
माठातलंच. हट्टानं. दोन दिवस पोट धरून पडलो होतो. आई एका शब्दानं बोलली नाही, खोका फक्त पायानं माझ्या बाजूला सरकवला.